"बाबा, आता जेमिमा नको"

बारावा गडी, ठाणे
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मी पडलो स्कोअरर माणूस. पहिल्या चेंडूपासून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा, आज गुरुनानक जयंतीची सुट्टी आहेच.

मुलगी सीए करतेय. सप्टेंबरमध्ये इंटरचा पहिला ग्रुप दिला होता, निकाल परवा सोमवारी दुपारी लागला. तीन पेपर, तीनशे मार्क. प्रत्येक पेपरात चाळीस हवेत आणि तिन्ही मिळून दीडशे. तिन्ही पेपरांत ती चाळिशीच्या वर आहे. बेरीज १४६.

आता आदल्या रात्रीचं ऐका, कारण घोळाची सुरुवात तिथे आहे. रविवारी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मुलगी आणि माझी आई, चरईतल्या आमच्या घरात महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल बघत होतो. नेरूळला पाऊस, त्यामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला. आईला क्रिकेट फारसं कळत नाही, पण शेफालीने फटके मारायला सुरुवात केल्यावर ती दर दोन ओव्हरनी विचारायची, "हीच ना रे ती, आयत्या वेळी बोलावलेली?" शेफालीचे ८७ होईपर्यंत हा प्रश्न चालू होता. मुलगी आठवडाभर निकालाच्या धास्तीने धड जेवत नव्हती. पण दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो शेवटचा झेल घेतला, तेव्हा सगळ्यात आधी तीच सोफ्यावर उभी राहिली. खाली गल्लीत दिवाळीचे उरलेले फटाके वाजत होते. मी त्या भरात म्हणून गेलो, "बघ, उद्या तुझाही असाच निकाल लागणार." बायकोने तेव्हाच माझ्याकडे बघितलं होतं.

सोमवारी मी महापेला ऑफिसात. अडीचला बायकोचा फोन आला, "चार मार्कांनी गेलं. लवकर या आणि कृपा करून काही बोलू नका." लवकर जमलं नाही. घणसोलीहून नेहमीची गाडी पकडली. डब्यात सगळे कालच्या मॅचबद्दल बोलत होते आणि मी दारात उभा राहून भाषण जुळवत होतो. ऐरोलीला जेमिमा ठरली. दिघ्याला साबळे. खाडीवर गाडी आली तोवर द्रविडपर्यंत पोचलो होतो.

घरी आलो तर मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि म्हटलं, "अगं, ती जेमिमा बघ ना..." म्हणजे मला म्हणायचं होतं की इंग्लंडच्या सामन्याला तिला संघाबाहेर बसवलं, आणि तीच गुरुवारी ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ काढून गेली. वर मॅचनंतर सगळ्यांसमोर सांगितलं की या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडलेय. एवढं सगळं बोलायचं होतं. झालं एवढंच:

"बाबा, आता जेमिमा नको."

शहाण्या माणसाने इथे डाव घोषित केला असता. मी म्हटलं, बरं, जेमिमा नको तर अविनाश साबळे घे. बर्मिंगहॅम, २०२२, तीन हजार मीटर स्टीपलचेस. आपल्या बीडच्या मांडव्याचा मुलगा ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला आणि सोनं गेलं ११.१५ ला. पाच शतांश सेकंद! डोळ्याची पापणीही तेवढ्यात मिटत नाही.

ती उठून बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "त्याला चांदीचं पदक मिळालं बाबा. मला काय मिळालं?"

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली, नाहीतर त्या शांततेत मी मेलोच असतो.

आता माझा जुना गुन्ह्यांचा रेकॉर्डही सांगतो, म्हणजे तुम्हाला रोग किती मुरलाय ते कळेल. आईचा हात मोडला तेव्हा प्लास्टर घालताना मी तिला कुंबळे सांगितला होता, २००२, अँटिगा, फुटलेला जबडा बांधून सलग १४ ओव्हर टाकल्या आणि लारालाही काढलं. आई म्हणाली, "त्याच्या घरी भांडी घासायला बाई असेल." मला प्रमोशन नाकारलं तेव्हा महिनाभर मी घरात अमोल मजुमदार झालो होतो. रणजी पदार्पणात २६०, एकूण ११ हजारांवर प्रथमश्रेणी रन, आणि भारताची कॅप शून्य. ती पॅड बांधून बसल्याची गोष्ट तर आता सगळ्या पेपरांनी चावून चोथा केली आहे. १९८८, आझाद मैदान, सचिन-कांबळी नाबाद ६६४, पुढचा फलंदाज मजुमदार, दोन दिवस ताटकळत. खरं सांगू? माझ्या मनात नेहमी त्या मॅचचा स्कोअरर येतो. ६६४ रन हाताने लिहायचे म्हणजे रकाने संपले असतील बिचाऱ्याचे.

आणि द्रविड. हा माझा खास. सिडनी, जानेवारी २००८. द्रविड १८ वर अडकला. एक, दोन नाही, चाळीस चेंडू. शेवटी एक रन निघाला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, चेष्टेचाच, आणि द्रविडने शतक ठोकल्यासारखी बॅट वर केली. टीव्हीवर बघणाऱ्याला ते चाळीस चेंडू म्हणजे कंटाळा. स्कोअररला ते चाळीस ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपका पेन टेकवून काढावा लागतो. सहासारखाच. एका चेंडूची जागा दोघांनाही सारखीच मिळते. हे मी कोणाला कधी नीट समजावून सांगू शकलेलो नाही, म्हणून खेळाडूंची नावं घेत बसतो.

तर प्रश्न: तुम्ही करता का असं? घरात काही बिघडलं की खेळाडू काढता का बाहेर? आणि समोरच्याला नको असेल तर मग करायचं काय? दोन दिवस मी गप्प आहे. मीठ द्या, पंखा लावा, एवढंच बोलणं चाललंय.

पामबीचवाली, नेरूळ
५ नोव्हेंबर, संध्याकाळी

काका, मी रविवारी डी. वाय. पाटीलला होते. बहिणीला घेऊन गेले होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण त्या रात्रीचं एक सांगते, जे टीव्हीवर दोन-चार सेकंद दिसलं असेल.

हरमनप्रीत कोच अमोल मजुमदार सरांच्या पाया पडली ते तुम्ही पाहिलंच असेल, सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर सगळ्या जणी स्टेजकडे गेल्या आणि त्यांच्यात एक व्हीलचेअर होती. प्रतिका रावल. याच मैदानावर २३ ऑक्टोबरला तिने न्यूझीलंडसमोर १२२ काढले होते, तेव्हाही आम्ही होतो, स्मृतीबरोबर २१२ ची ओपनिंग. माझा घसा दोन दिवस बसला होता. तीन दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध फील्डिंग करताना पाय मुरगळून पडली. वर्ल्ड कप संपला तिचा. पावसाने ती मॅचही निकालात निघाली नाही, म्हणजे ज्या मॅचमध्ये पाय गेला ती मॅचसुद्धा हिशोबात धरण्यासारखी नाही. तिच्या जागी तुमच्या आईंची आयत्या वेळची शेफाली आली आणि फायनलची मॅन ऑफ द मॅच झाली. सॉरी, प्लेअर ऑफ द मॅच.

पदकं पथकातल्या पंधरा जणींना. प्रतिकाची जागा शेफालीला गेलेली, त्यामुळे त्या रात्री तिच्या नावाचं पदक नव्हतं. स्पर्धेत ३०८ रन काढलेत हो तिने! आणि ती खांद्यावर झेंडा घेऊन व्हीलचेअरवर हसत होती. बहीण माझ्या कानात ओरडून म्हणाली, "हिला आत काय होत असेल गं?" मला माहीत नाही. आम्ही दोघी त्याच विचारात घरी चालत गेलो. एरवी जिंकल्यावर माझी बहीण गप्प बसत नाही.

तुम्ही जेमिमा सांगितलीत, साबळे सांगितलात, दोघंही शेवटी जिंकलेले. तुमच्या मुलीने बरोबर पकडलं तुम्हाला. आणि कृपा करून आता जाऊन तिला प्रतिका सांगू नका. हे तुमच्यासाठी लिहिलंय.

कडू कारलं, डोंबिवली
५ नोव्हेंबर, रात्री

खेळाडू खेळतात, त्यांचे पैसे घेतात. आपण त्यांच्या नावाने रडतो. मुलीला खेळाडूंच्या गोष्टी सांगण्यापेक्षा स्वतः कधी मैदानावर नेलंत का?

बारावा गडी, ठाणे
५ नोव्हेंबर, रात्री

कारलंसाहेब, नेलं होतं. पाचवीत पोहायला घातलं, क्लोरीनने डोळे लाल. सातवीत ॲथलेटिक्स, सरांनी म्हटलं पाय लांब आहेत पण मन नाही. मग ती म्हणाली मला बसून करायचं काहीतरी हवं. तेव्हा कॅरम आला, आणि कॅरममध्ये ती मला अजूनही हरवते.

पामबीचवाली ताई, तुमची पोस्ट मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "ही बाई शहाणी आहे, हिचं ऐका."

चौथा अटेम्प्ट, घोडबंदर रोड
गुरुवार, ६ नोव्हेंबर

मी सीए आहे, नावावरून कळलं असेलच कितव्या झटक्यात. भावना बाजूला ठेवतो, आधी कामाचं बोलतो.

एक, तिन्हींपैकी एखाद्या पेपरात साठ किंवा त्याच्या वर आहेत का ते बघा. असतील तर त्या पेपराचं एक्झम्प्शन मिळतं, पुढचे तीन अटेम्प्ट तो पेपर द्यायचा नाही. १४६ मध्ये हे शक्य आहे, अकाउंट्सला साठ आणि बाकी दोन त्रेचाळीस. मुलं रडण्याच्या नादात मार्कशीट नीट वाचत नाहीत. मी वाचलं नव्हतं, मला दुसऱ्या दिवशी मित्राने सांगितलं.

दुसरं, उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवता येतात. मागवा. चार मार्क वाढतील या आशेने नको, आपण कुठे काय लिहिलं होतं ते बघायला. स्वतःचं अक्षर दोन महिन्यांनी वाचणं फार उपयोगी असतं. आणि जानेवारीचा फॉर्म भरा, प्रतींची वाट बघत थांबू नका. आता इंटर वर्षातून तीनदा होते, आमच्या वेळी सहा महिने नुसते काढावे लागायचे.

आता भावनेचं. ज्याला आम्ही "ॲग्रीगेटने उडणं" म्हणतो ते सगळ्यात वाईट. पेपरात चाळीसच्या खाली गेलात तर निदान दोष द्यायला एक विषय असतो. ॲग्रीगेटला जबाबदार कोणीच नसतं. मला दुसऱ्या अटेम्प्टला सहा कमी होते. माझे वडील त्या दिवशी काय बोलले ते मला आठवत नाही, बहुतेक काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझा संपलेला रेल्वेचा पास काढून आणला, तीन महिन्यांचा. टेबलावर ठेवला. क्लासला जायचं की नाही हे मी ठरवलंही नव्हतं तेव्हा.

निदानरेषा, कळवा
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मी कबड्डीवाला. डावा कोपरा. जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत गेलो, पुढे गुडघा गेला. आता वागळे इस्टेटला गोडाऊनला आहे. टायपिंगच्या चुका पदरात घ्या, नातू मांडीवर आहे.

गडीभाऊ, तुम्ही प्रेक्षक लोक गोष्टीचा शेवट बघता आणि मग सुरुवात सांगता. म्हणून तुमच्या गोष्टी सगळ्या गुळगुळीत. तो आपला नेमबाज स्वप्नील कुसळे घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातला कांबळवाडीचा. पॅरिसला ब्राँझ घेतलं, १ ऑगस्ट २०२४, तेव्हा गावोगाव बॅनर लागले. पण तो २०१५ पासून सेंट्रल रेल्वेत टीसी होता. मला नोकरीच महत्त्वाची वाटते, कारण आमच्या वेळी खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यात एकच होतं, रेल्वे, पोलीस नाहीतर बँक. पदक-बिदक कोण बघत होतं. स्पोर्ट्स कोट्यातून चिकटलो की आईबापाचं तोंड बंद. माझ्या बरोबरचे दोघे चिकटले, मी नाही. फायनललाही कुसळे पहिल्या टप्प्यानंतर सहावा होता. त्या वेळी कोणी टीव्ही बंद केला असेल तर त्याला वाटलं असेल की गेला हा. त्या क्षणाची गोष्ट कोणी सांगत नाही.

आता आमच्या खेळातला एक नियम सांगतो, तुम्हा क्रिकेटवाल्यांना माहीत नसेल. कबड्डीत गडी बाद झाला की मैदानाबाहेर बसतो. क्रिकेटसारखा पॅव्हेलियनमध्ये जाऊन चहा पीत नाही, तिथेच रेषेबाहेर, आपल्या पोरांना बघत. आणि तो स्वतःच्या जोरावर आत येऊ शकत नाही. कितीही ताकद असू दे, मांड्या थोपट, ओरड, काही उपयोग नाही. आत कोणीतरी गुण घ्यावा लागतो. समोरचा गडी बाद करून एक गुण घेतला की आपला एक गडी उठतो. जो आधी बाद झाला तो आधी आत. मी अशा किती मॅच बाहेर बसून काढल्यात. बाहेर बसलेल्याला कोणी येऊन अमक्या-तमक्याची गोष्ट सांगितली असती तर मी त्याचीच पकड केली असती.

तुमची पोर बाहेर बसलीय. तुम्ही आत आहात. गुण घ्या की.

आणि एक विचारतो, राग मानू नका. कुंबळे झाला, द्रविड झाला, मजुमदार झाला. तुम्ही स्वतः कधी अडकलात ते पोरीला सांगितलंत का? प्रमोशनचं नको, ते सगळ्यांचंच अडतं.

पामबीचवाली, नेरूळ
७ नोव्हेंबर

निदानरेषा काका, एक गुण घेतला की एक गडी उठतो हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं प्रो कबड्डी बघतेय आणि वाटायचं कोच ठरवतो कोणाला आत घ्यायचं.

निदानरेषा, कळवा
७ नोव्हेंबर

कोच ठरवायला लागला तर भांडणं होतील ताई.

बारावा गडी, ठाणे
रविवार, ९ नोव्हेंबर

सगळ्यांना धन्यवाद, उशीर झाला.

आधी चौथा अटेम्प्ट यांना: अकाउंट्सला ६१ आहेत. तुमची पोस्ट वाचून मी गुरुवारी रात्री मार्कशीट मागितली, तिने मोबाइल माझ्यापुढे धरला, आणि ६१ वर बोट ठेवून मी एवढंच विचारलं, "याचं एक्झम्प्शन असतं ना?" तिने मार्कशीट आपल्याकडे ओढली. वाचलं. मग तिच्या क्लासच्या मैत्रिणीला फोन लावला आणि पाऊण तास दार लावून बोलत होती. तुमच्यामुळे घरात पहिला गुण आला. जानेवारीचा फॉर्म तिने काल भरला, मी पासही काढलाय, पण तीन महिन्यांचा काढायचा धीर झाला नाही. एक महिन्याचा काढला.

आता निदानरेषा, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण उत्तर "नाही" असं होतं. आणि मग काल जे झालं ते मी ठरवून केलेलं नाही, हे आधी सांगतो.

शनिवारी ती जुनी पुस्तकं माळ्यावर टाकायला चढली होती. तिथे माझी स्कोअरबुकं आहेत. सेंट्रल मैदानावर रविवारी आमच्या ऑफिसच्या मॅच व्हायच्या, मी बारावा गडी कम स्कोअरर, त्यातली अकरा-बारा पुस्तकं. बायकोने तीनदा रद्दीत काढली, मी तीनदा परत आणली. ही वर बसून ती चाळत होती. मी खाली शिडी धरून.

"बाबा, ही कुठली मॅच? नुसते ठिपके आहेत."

मला वाटलं एखादी मेडन, म्हणजे बिनरनांची ओव्हर असेल. पुस्तक खाली दिलं तिने. २००७-०८ चं. पानाच्या वर तारीख, संघांची नावं नाहीत, फलंदाजाच्या रकान्यात "अण्णा" असं एकच नाव. आणि खाली गोलंदाजीच्या चौकटीत ठिपके. सहा ठिपके, जोडून केलेला एम. पुन्हा सहा, एम. असे सहा एम. सातव्या चौकटीत एक ठिपका, आणि त्याच्या शेजारी १.

अण्णा म्हणजे माझे वडील. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी हॉस्पिटलमध्ये, आणि नंतर घरी, त्यांच्या पलंगाशी बसायचो. फिजिओने सांगितलं होतं की माझा हात त्यांच्या उजव्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, दाबा. मी म्हणायचो, "अण्णा, दाबा." ते माझ्याकडे बघायचे. चेहऱ्यावरून कळायचं की दाबतायत. हातात काही यायचं नाही. मग मी बॅगेतून स्कोअरबुक काढून ठिपका द्यायचो. का, ते आता सांगता येणार नाही. काहीतरी लिहायला हवं होतं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिला त्यातलं काही आठवत नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. घरात मी द्रविड सांगत राहिलो, कारण त्याचं नुकतंच, महिन्यापूर्वी झालं होतं आणि ते सांगायला सोपं होतं.

सदतीस ठिपके. अडतिसाव्या सकाळी अंगठा हलला. माझ्या तळव्याला लागला, मुंगी चालल्यासारखा. मी ओरडलो तर शेजारच्या काकू धावत आल्या. पुढे अण्णा त्या हाताने चमचा धरू लागले, बटण मात्र शेवटपर्यंत लावता आलं नाही. २०११ मध्ये गेले.

हे मी शिडी धरून, तुटक तुटक सांगितलं. भाषण नव्हतं हो. आई आतून ऐकत होती, ती म्हणाली, "मला वाटायचं तू ऑफिसचं लिहितोस. म्हटलं, बाप असा पडलाय आणि याला हिशोब सुचतो."

मुलगी पानाकडे बघत होती. मग म्हणाली, "बोलरचं नाव लिहिलेलं नाही."

खरंच नव्हतं. रकाना कोरा होता. माझ्या सतरा वर्षांत कधी लक्षात आलं नाही.

"काय लिहिणार?" मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. खाली उतरली, पुस्तक घेऊन टेबलाशी बसली. मला वाटलं आता हिला रडू येणार किंवा मला. पण तिने पान उलटलं आणि पुढची मॅच बघायला लागली. पाचेक मिनिटांनी विचारलं, "बाबा, बॅट्समनचे रन अधिक एक्स्ट्रा म्हणजे टोटल. आणि बोलर्सनी दिलेले रन अधिक बाय आणि लेगबाय, हेही टोटल. बरोबर? म्हणजे ही डबल एंट्रीच झाली."

मी तिला सतरा वर्षांत हजार गोष्टी सांगितल्या, पण स्कोअरबुकाचा ताळा कसा घालतात हे सांगितलं नव्हतं. म्हटलं बरोबर.

"मग तुमचा ताळा जुळत नाही. बोलर्सच्या बाजूला तीन जास्त आहेत."

अशक्य, म्हटलं. मी तेव्हा मॅचनंतर तिथेच बसून ताळा घालायचो, लोक निघून जायचे तरी. चष्मा लावला, बसलो. तीन जास्त आहेत. मग आम्ही दोघं एकेक चौकट मोजत बसलो. मी चेंडू वाचायचा, ती टिक करायची. पाचव्या ओव्हरला दोन लेगबाय, म्हणजे पायाला लागून निघालेले रन, मी बोलरच्या नावावर टाकले होते, ते सापडले. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, तारीख बघितली तर अण्णांना घरी आणलं त्या आठवड्याची मॅच आहे. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली.

काल रात्री तिथेच सोडलं. आज सकाळी मी उठायच्या आधी ती पुस्तक घेऊन बसली होती, शेजारी टॅक्सेशनचं पुस्तक उघडं, तेही वाचतेय असं म्हणते. एका रनाचा फरक अजून आहे. तिचं म्हणणं, मी एक वाइड दोनदा धरलाय. माझं म्हणणं, बाराव्या ओव्हरला लेगबाय असणार. चहा टाकतो आणि परत बसतो.